अकरा पायऱ्यांची शिडी

१

कुसाबाई गेल्या भोगीच्या दिवशी, आणि त्यांच्या मरणाचा ठपका गोटीरामवर आला तो पाचव्या दिवशी, सकाळचा चहा पिताना, फोनवरून.

"रिपोर्टवर सही तुमचीच आहे ना?" पलीकडे दीपक होता, कुसाबाईंचा एकुलता एक मुलगा. आवाज रडून बसला होता, पण शब्दाला धार होती. "'घरात वाळवी किंवा लाकूड खाणारी दुसरी कोणतीही कीड नाही.' सप्टेंबरची तारीख आहे. आणि जानेवारीत माझी आई किडलेल्या शिडीवरून पडून जाते. पोलिसांत अर्ज दिलाय मी. तुम्हाला मागून कळायला नको म्हणून सांगतोय."

फोन बंद झाला. चहावर साय धरली तरी गोटीराम कप हातात घेऊन बसलेलाच होता.

गोटीराम मूळचा सुरगाण्याकडचा, वय सत्तावन्न. तीस वर्षं नाशकात लोकांच्या घरांतली वाळवी शोधत फिरतोय. नाशकात घरं बांधणारे पैशाला पासरी, पण घराचं दुखणं कान लावून ऐकणारा हा एकटा. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं चौकटीवर टकटक करायची आणि ऐकायचं. भरीव लाकूड एक बोलतं, पोखरलेलं दुसरं. शिवाय त्याला एक खोड होती. बघेल ती वस्तू तो मोजायचा. दारं किती, खिडक्या किती, कपाटाच्या फळ्या किती, सगळं मोजून वहीत. बायको होती तेव्हा चिडवायची, की लग्नात अंगावर पडलेल्या अक्षतासुद्धा तुम्ही मोजल्या असतील.

कुसाबाईंचं घर त्याला चांगलं आठवत होतं. चाळीस वर्षांचा साधा दुमजली बंगला, आतलं लाकूड सगळं सागाचं. दीपकनं त्याला दारातच हळू आवाजात म्हटलं होतं, "थोडीफार तरी वाळवी सापडेलच ना हो?" बंगला पाडून तिथं मोठी इमारत उठवायचं त्याच्या मनात होतं आणि आई ऐकत नव्हती. घर किडलेलं निघालं असतं तर आईला पटवणं सोपं गेलं असतं. पण गोटीरामला न्हाणीच्या चौकटीशी एक जुनी, सुकलेली मातीची रेघ सोडली तर काही सापडलं नाही, आणि नसलेलं लिहायची त्याला सवय नव्हती.

"मग डॉक्टर, जगेल का माझं घर?" कुसाबाईंनी विचारलं होतं.

"तुमच्या-माझ्या मागं राहील, आई."

त्या एवढ्या खूश झाल्या की चहावर पुन्हा चहा झाला. वणीकडच्या शेतकऱ्याची बायको ती. बंगला गंगापूर रोडच्या श्रीमंत वस्तीत, पण तिच्या बोलण्यात गंगापूर रोड अजून शिरला नव्हता.

पोलिसांतल्या अर्जाची गोटीरामला भीती वाटली नाही असं नाही. असल्या एका अर्जानं धंदा बसतो. पण त्याहून मोठी भीती दुसरीच होती. शिडीवर मूठ आपटताना आपलं लक्ष चहाकडे असेल तर? कानानं दगा दिला असेल तर? मग त्या माउलीला आपणच मारलं. हे कळल्याशिवाय त्याला घास गिळवणार नव्हता. त्यानं वही खिशात घातली आणि तो निघाला.

२

बंगल्याच्या दारात चपलांचा ढीग होता. आत भेटायला आलेली माणसं हलक्या आवाजात बोलत होती. गोटीरामला पाहून दीपक उठला आणि काही न बोलता त्याला घराला वळसा घालून मागच्या पडवीत घेऊन गेला.

"हवालदार फोटो काढून गेलेत. आता तुम्ही बघा, तुमच्या हातची कामगिरी."

भिंतीला बांबूची शिडी टेकवलेली होती, वर माळ्याचं चौकोनी तोंड. वरून तिसरी पायरी मधोमध मोडून लोंबत होती. खाली कपडे धुवायचा दगड होता. गोटीरामनं त्या दगडाकडे एकदाच पाहिलं.

त्यानं मोडलेल्या पायरीचा तुकडा बोटांत चुरला. तांदळाच्या पिठीसारखा बारीक भुसा हातावर आला.

"ही वाळवी नाही," तो म्हणाला. "वाळवी ओली माती घेऊन चालते. जाईल तिथं मातीची नळी करते. इथं मातीचा कण नाही. हा पोखरकिडा आहे. बांबूच्या पोटात राहतो. बाहेरून टाचणीएवढी भोकं, आतून सगळं पीठ."

"कीडच ना पण? तुम्ही 'कोणतीही कीड नाही' असं लिहिलंय."

मुद्दा बिनतोड होता. आणि काही सुचत नसलं की माणूस जी सवय आहे तेच करतो, तसा गोटीराम खालपासून वरपर्यंत पायऱ्या मोजायला लागला. मोडलेली धरून दहा. त्यानं पुन्हा मोजल्या. उभ्या बांबूंना पाडलेली भोकंही मोजली, एखादी पायरी आधीच निखळून गेली असेल म्हणून. दहाच.

त्यानं वही काढली, पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"दीपकभाऊ, तुमच्याकडचा रिपोर्ट आणा. शेवटचं पान."

दीपकनं चिडतच कागद आणला. त्यावर गोटीरामच्या अक्षरात लिहिलेलं होतं: 'मागची पडवी. बांबूची जुनी शिडी, पायऱ्या अकरा, ठीक.' खाली गोटीरामची आणि दीपकची सही.

"मी तपासली ती शिडी ही नाही," गोटीराम म्हणाला. "ती कुणीतरी नेली. आणि तिच्या जागी ही मरणाची शिडी आणून ठेवली."

३

"मोजायला चुकला असाल," दीपक म्हणाला, पण आवाजातली धार गेली होती.

"एकोणीस दारं-खिडक्या लिहिल्यात मी, सहा कपाटं, बेचाळीस फळ्या. एक तरी चूक काढून दाखवा, मी इथून सरळ चौकीत जातो."

दीपकनं काही मोजलं नाही. तो पडवीच्या पायरीवर बसला. गोटीरामनं त्याच्याकडे पाहिलं आणि नको तो विचार त्याच्या मनात आलाच. हे घर किडकं ठरलं तर कुणाच्या पथ्यावर पडणार होतं?

"शिडी शेवटची कधी पाहिलीत तुम्ही?"

"मी कशाला येतोय इकडे! दोन-दोन महिने मागचं दार बघत नाही मी. शिडीला शिडी, मला काय..." आणि मग त्या प्रश्नाचा रोख त्याच्या ध्यानात आला. त्याचा चेहरा उतरला. "घर पाडायचं होतं मला. आईला नाही पाडायचं होतं हो."

एवढं बोलून तो लहान मुलासारखा रडायला लागला. त्याला नाक पुसायचंही भान नव्हतं. रडण्याची सोंगं गोटीरामनं पाहिली होती, हे तसलं नव्हतं.

रडणं ऐकून त्याची बायको तेजस्विनी बाहेर आली. तिनं आधी नवऱ्याला पाणी दिलं. मग गोटीरामनं विचारलं तेव्हा भोगीच्या दिवशीचं सांगितलं, भिंतीकडे बघत.

"मला माळ्यावरचं मोठं पितळी पातेलं हवं होतं. बुधा बाजारात गेलेला, आमच्या बागेचं बघतो तो. म्हणून मीच चढायला निघाले. एक पाय शिडीवर ठेवला तर आईंनी मागून येऊन दंड धरून ओढलं मला. म्हणाल्या, तू नको, तू जड आहेस, मी काढते." तिनं नवऱ्याच्या हातातलं रिकामं भांडं काढून घेतलं. "मला राग आला. वीस वर्षं झाली या घरात, माळ्याला हात लावू देत नाहीत, वर जड म्हणतात. मी तोंड फिरवून आत गेले. दोन मिनिटांत धाडकन आवाज आला. त्या पडल्या तेव्हा मी तिथं नव्हते."

"तुम्हाला शिडीत काही वेगळं दिसलं होतं?"

"नाही. काळीकुट्ट जुनी शिडी. होती तशीच."

काळीकुट्ट जुनी. गोटीराम पुन्हा शिडीकडे वळला. पोखरकिड्याला जुन्या बांबूत रस नसतो. त्याला लागतो कोवळा, गोडसर, ताजा बांबू. मग या काळ्या म्हाताऱ्या शिडीला तो लागलाच कसा?

४

नवरा-बायको आत गेल्यावर त्यानं चाकूनं उभा बांबू थोडा खरवडला. काळा रंग पापुद्र्यासारखा निघाला आणि खालून पिवळाधमक बांबू दिसला. वास घेतला. जळकं ऑईल. गाडीतून काढलेलं काळं ऑईल चोळून कुणीतरी नव्या शिडीला म्हातारी केली होती.

शिडी बदलली ती बदलली, वर बदललेली कळू नये म्हणून रंगवली. अंगावर काटा यावा अशीच गोष्ट होती.

तो आता एकेक बघत गेला. एवढी भोकं पडायला आणि आतून एवढं पीठ व्हायला किड्याला तीनएक महिने लागतात. म्हणजे बांबू तोडला ऑक्टोबरात, पाऊस सरता सरता. आणि तोडला तो भरल्या चांदण्यात. हे पुस्तकात कुठं आहे का ते गोटीरामला माहीत नव्हतं, पण सुरगाण्याकडं शेंबडं पोरही सांगेल, बांबू तोडायचा तो अमावस्येच्या अंधारात. चांदण्यातल्या बांबूत रस भरलेला असतो आणि रसावर किडा येतो.

मग त्यानं पायऱ्यांचे बंध पाहिले. बाजारच्या शिडीला तार नाहीतर खिळे असतात. इथं अंबाडीची दोरी होती, दोनदा फिरवून टोक आतल्या अंगाला दडवलेलं. असा बंध त्याचा बाप बांधायचा. ही शिडी डोंगराकडच्या माणसानं बांधली होती, आणि त्या माणसाला चांदण्यातल्या बांबूचं माहीत नसणं शक्यच नव्हतं. माहीत असून त्यानं तोडला.

राहिला भुसा. एवढं पोखरलं तर भुसा जमिनीवर ढीगभर हवा होता. शिडीखाली जेमतेम चार-पाच दिवसांचा पडला होता. बाकीचा रोजच्या रोज कुणीतरी झाडून टाकत होतं.

कोपऱ्यात भांडी घासणारी बाई मघापासून एकच तवा घासत होती. फुलाबाई, बुधाची बायको. दोघं पेठकडची, बारा वर्षं याच आवारातल्या मागच्या खोलीत राहणारी.

"फुलाबाई, हा भुसा तुम्हीच झाडायच्या ना?"

"केर झाडते मी, भाऊ. केरात काय काय असतं, मला काय ठावं."

"तुम्ही आमच्याकडच्या. पीठ पडायला लागलं म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायचं?"

तिनं तवा खाली ठेवला. तिची नजर एकदा घराच्या मागं, शेवग्याच्या झाडाकडे गेली आणि झटकन परत आली. गोटीराम तिकडे चालू लागला तशी ती उठून उभी राहिली. "भाऊ, नका जाऊ."

शेवग्याखाली बागेच्या पाण्याचा हौद होता. हौदात दोन लांब सरळ बांबू बुडवून ठेवलेले होते, वर येऊ नयेत म्हणून दगडांनी दाबलेले. बांबू असा पाण्यात मुरवतात तो कीड लागू नये म्हणून, शिडी बांधायच्या आधी. त्यांच्या अंगावरचं शेवाळ बघून गोटीरामनं अंदाज बांधला. हे बांबू हौदात टाकून आठ-दहा दिवस झाले होते.

कुसाबाई गेल्याला पाच.

म्हणजे त्या पडण्याच्या आधीच कुणाला तरी पक्कं ठाऊक होतं की ती शिडी मोडणार आहे.

५

बुधा पुढच्या बागेत होता. चाळिशीचा, वाळक्या अंगाचा माणूस. पाण्याची नळी एकाच कुंडीत धरलेली, कुंडी कधीच भरून वाहत होती. गोटीराम शेजारी उकिडवा बसला आणि गावाकडच्या बोलीत म्हणाला, "बुधा, शिडी तू बांधलीस."

बुधानं नळी खाली सोडली. नाही म्हणायची त्याची तयारीच नव्हती. कुणीतरी विचारावं याचीच तो पाच दिवस वाट बघत होता असं गोटीरामला वाटलं.

"व्हय दादा. मीच मारलं आईला."

"का?"

"दसऱ्याला माझा पुतण्या गेला." बुधा मातीकडे बघत बोलत राहिला. "द्राक्षाच्या छाटणीला आलता गावची माणसं घिऊन. तिकडं वरल्या अंगाला पत्र्याच्या शेडात व्हते सारे. तीन दिस ताप, चवथ्या दिशी संपला. तिरडीला बांबू आणाया मी धा ठिकानी फिरलो. दसरा व्हता दादा. वखारी बंद, नायतर फुलं लावून पूजा चाललेली. सणाच्या दिशी दारातून मर्तिकाचा बांबू कोन दील? हाडतुड केलं लोकांनी. मी हितं परत आलो अन् आईंच्या म्होरं बसून रडलो. आई उठल्या. मागल्या पडवीत गेल्या. म्हनाल्या, ही शिडी ने. पोरगं जमिनीवं ठिऊ नको."

गोटीरामनं डोळे मिटले. प्रेताखाली गेलेली वस्तू पुन्हा घरात येत नाही. त्याच्या गावाकडे येत नाही, कुणाकडेच येत नाही. त्या शिडीचं पुढं काय झालं ते विचारायची गरज नव्हती.

"पुतण्यासंगंच दिली तिला अग्नीला," बुधा म्हणाला. "आई म्हनाल्या, दीपकला कळू द्यायचं नाय. सणाचा दिवस, घरातली शिडी तिरडीला दिली म्हनल्यावं त्यो घर डोक्यावं घील. दिवाळीची साफसफाई तोंडावं आली व्हती, शिडी तर पायजे. मी कोजागरीला गावी गेलो अन् तोडला बांबू. ठावं व्हतं दादा. चांदनं येवढं व्हतं का कोयत्याची सावली पडत व्हती. हात धजंना. पन अवस यायला आनखी पंधरा दिस. तवर कळलं असतं. म्हनलं हितल्या कोरड्या हवेत एक साल तरी काढंल. वर जळकं ऑईल चोळलं, फरक दिसू नये म्हनून; पायऱ्या मोजायचं तेवढं ऱ्हायलं."

"आणि पीठ पडायला लागलं."

"दीड महिन्यात. फुला झाडून घ्यायची, वहिनींना दिसू नये म्हनून. आईंना म्या सांगितलं, या शिडीवं कुनी चढायचं नाय, काय पायजे ते मी काढून देतो. ह्या खेपंला अंधाऱ्यात नवा बांबू आनून हौदात टाकला. म्हैनाभर मुरला का झालं. म्हैनाभरच काढायचा व्हता दादा." त्यानं मातीनं भरलेल्या हातांनी तोंड झाकून घेतलं. "भोगीला मी बाजारात गेलो नसतो तर..."

गोटीरामनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

थोड्या वेळानं बुधा सावरला. "तुमच्यावरचं किटाळ काढा दादा. सांगा, बुधानं वाईट शिडी बांधली. मी जाईन तुरुंगात. पन आईंनी दिली हे नका सांगू. मी त्येंला शब्द दिलाय."

अर्धं सांगितलं तर काळं फासलेल्या शिडीसकट बुधा खुनी ठरणार होता. काहीच नाही सांगितलं तर गोटीराम. गेलेल्या बाईचा शब्द मोडल्याशिवाय दोघांपैकी कुणीच वाचत नव्हतं. गोटीराम उठला आणि त्यानं बुधाचा हात धरून त्याला उठवलं. "चल. मी बोलतो. शब्द मी मोडतो, तू नाही."

६

मागच्या पडवीत पाचजण होते. दीपक आणि तेजस्विनी पायरीवर, फुलाबाई भिंतीशी, बुधा खाली मान घालून उभा. गोटीरामनं एकेक करून सगळं मांडलं. दहा पायऱ्या, खालचा पिवळा बांबू, काळं ऑईल, अंबाडीचा बंध, झाडलेला भुसा, हौदातले बांबू. दरवेळी दीपकचा चेहरा आवळत गेला, आणि हौदापाशी आल्यावर तो ताडकन उठून बुधाच्या अंगावर गेला.

"माहीत होतं तुला! आणि तू गप्प बसलास!"

"थांबा," गोटीराम मध्ये पडला. "शिडी बदलली हे तुमच्या आईला ठाऊक होतं. जुनी शिडी त्यांनीच दिली."

मग त्यानं दसऱ्याचं सांगितलं. दीपकचा उगारलेला हात खाली आला. आधी कळलं ते तेजस्विनीला.

"म्हणजे आईंना माहीत होतं, ती मोडणार म्हणून." ती स्वतःशीच बोलल्यासारखं बोलत होती. "म्हणून मला ओढलं. खरं कारण सांगता येईना, म्हणून जड म्हणाल्या. आणि मी चढू नये म्हणून स्वतः चढल्या." फुलाबाई पुढे झाली आणि तिनं मालकिणीला जवळ घेतलं. बारा वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

दीपक मात्र एकाच गोष्टीला धरून बसला. "मला का नाही सांगितलं तिनं? एक शिडीच होती ना? मी काय नाही म्हणालो असतो?"

त्यानं बायकोकडे पाहिलं, बुधाकडे पाहिलं, आणि मग त्याला काहीतरी आठवताना गोटीरामला स्पष्ट दिसलं. तो हळूहळू पायरीवर बसला.

"कुठल्या रस्त्यानं नेलं होतं त्याला?"

"ह्याच, भाऊ. म्होरल्या रस्त्यानं खाली."

"दुपारी?"

"व्हय."

"मी नवी गाडी घेऊन येत होतो," दीपक म्हणाला. "दसऱ्याच्या मुहूर्तावर काढलेली. पुढं झेंडूची माळ. समोर मयत चाललेली, वीस-पंचवीस माणसं, रस्ता भरून. मी हॉर्न दाबून धरला. सोडलाच नाही. मग काच खाली करून ओरडलो, दसऱ्याच्याच दिवशी मरायचं होतं का याला." तो आता बुधाकडे बघत नव्हता. "संध्याकाळी जेवताना हे आईला मीच सांगितलं. हसत सांगितलं. ती भरल्या ताटावरून उठली. म्हणाली, भूक नाही."

"मला दिसला व्हता तुमी," बुधा म्हणाला. "म्होरल्या खांद्याला मीच व्हतो."

"बोलला नाहीस कधी."

"काय बोलायचं, भाऊ."

दीपकनं खिशातून फोन काढला आणि हवालदाराला लावला. अर्ज मागे घ्यायचाय, म्हणाला. शिडी घरातल्यांनीच बदलली होती, तपासणाऱ्याची काही चूक नाही. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं, त्यावर त्यानं एवढंच सांगितलं की दोष कुणाचा असेल तर माझा. गोटीराम सुटला होता. सकाळपासून ज्यासाठी जीव टांगणीला लागला होता ते मिळालं होतं, आणि त्याला त्याचा काडीचाही आनंद झाला नाही. त्याचा कान चुकला नव्हता, हात चुकला नव्हता, आणि बाई गेली ती गेलीच.

आतून कुणीतरी दीपकला हाक मारली. सिन्नरहून मावशी आल्या होत्या. तो उठला नाही.

"बुधा, त्याचं नाव काय होतं?"

बुधाला सांगता येईना. फुलाबाईनं सांगितलं.

"दिनेश. बाविसावं लागलं व्हतं."

दीपकनं मान हलवली आणि ते नाव एकदा हळूच उच्चारून पाहिलं. आतून दुसऱ्यांदा हाक आली. "येतो," तो म्हणाला, आणि तिथंच बसून राहिला.